डब्लिनमध्ये नवीन असाल तर एक सेशन धरून ठेवा

मला डब्लिनला येऊन आता सहा वर्षं झाली, आणि दर सप्टेंबरला नवीन आलेल्या मुलामुलींचे तेच प्रश्न येतात. रूम कुठे बघू, कणीक कुठे चांगली मिळते. मग नोव्हेंबर लागला की तिसरा प्रश्न येतो, तो कोणी सरळ विचारत नाही पण फोनवर आवाजात कळतो, की संध्याकाळी करायचं काय. डिसेंबरमध्ये इथे सव्वाचारच्या आसपास अंधार पडतो, ऑफिसमधून बाहेर पडलात की रात्रच, त्यात पाऊस, घरी पोचून कुकर लावेपर्यंत भारतात बारा वाजायला आलेले असतात त्यामुळे आईला फोन करायचीही सोय नाही. माझा पहिला हिवाळा या असल्या संध्याकाळींनीच खाल्ला. दुसऱ्या हिवाळ्यात मी एक गोष्ट सुरू केली ती आजतागायत सोडलेली नाही, आठवड्यातून एक रात्र ट्रॅड सेशनला, म्हणजे पबमधल्या पारंपरिक आयरिश संगीताच्या बैठकीला जायचं, पब एकच, वारही एकच.

आधी सेशन म्हणजे काय ते सांगते. स्टेज नसतं, तिकीट नसतं, माईकही बहुतेक ठिकाणी नसतो. पबच्या कोपऱ्यात एका टेबलाभोवती पाच-सात माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, फिडल म्हणजे व्हायोलिन, फ्लूट, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, बँजो आणि डफासारखं एक बोरॉन. पब त्यातल्या एक-दोघांना पैसे देतो म्हणजे सेशन नक्की होतं, बाकीचे आपले येतात. आपल्याकडे गावात एकादशीला भजन बसतं ना, मध्ये पेटी-पखवाज, भोवती टाळकरी, उशिरा आलेला हळूच टेकतो आणि सुरात सूर मिसळतो, अगदी तसं. ते तुमच्यासाठी वाजवत नाहीयेत, एकमेकांसाठी वाजवतायत. एवढं लक्षात ठेवलंत की बाकीचे अर्धे नियम कोणी न सांगता कळतात.

जायचं कुठे? टेंपल बार या टुरिस्टांच्या भागात एकदा जाऊन या, दिवे बघा, फोटो काढा, पण तिथे बिअरचा पाइंट महाग आणि बऱ्याच ठिकाणी गिटार घेऊन टुरिस्टांच्या फर्माइशी चालू असतात. तुम्ही इथे राहणारे आहात, तुम्हाला रोजच्या लोकांची जागा हवी. लुआस ट्रॅमच्या रेड लाइनने स्मिथफील्डला उतरा आणि चौक ओलांडून कॉबलस्टोनला जा. हा पब मला इतका का आवडतो तर 2021 मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्लॅन आला तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये सिटी काउन्सिलने परवानगी नाकारली. पबसाठी नव्हे हो, त्या कोपऱ्यातल्या टेबलासाठी. मेरियन रो या रस्त्यावरचं ओडोनोह्यूज पण जुनं ठिकाण, 1960च्या दशकात द डब्लिनर्स हा लोकसंगीताचा बँड तिथूनच पुढे आला. तिथे गर्दी जास्त असते म्हणून सुरुवात मधल्या वारी करा, मंगळवार बुधवार. नऊ वाजता लिहिलेलं असेल तर साडेनऊला सूर लागतो, पण बसायला जागा हवी तर साडेआठलाच पोचा.

आता बसायचं कुठे, हे फार महत्त्वाचं. वाजवणाऱ्यांच्या टेबलाभोवतीचे स्टूल रिकामे दिसले तरी बसायचं नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात बसले होते. थोड्या वेळाने एक फ्लूटवाले आजोबा भिजून आले आणि माझ्या मागे तसेच उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग शेजारच्या बाईंनी माझ्या हाताला हळूच हात लावून सांगितलं, अगं ती त्यांची जागा. मी उठले, सॉरी म्हटलं, आणि त्याच बाईंनी मला आपल्या बाकावर सरकून जागा दिली. आज पाच वर्षं झाली, आम्ही त्याच बाकावर बसतो.

टाळ्यांचा ठेका धरायचा नाही, कारण तुमचा ठेका जरा सरकला की त्यांचा जातो. पायाने चालेल. फर्माइश करायची नाही. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, बहुतेक हो म्हणतात, पण फ्लॅश नको आणि पूर्ण वेळ फोन धरून बसू नका. वाजवताना हळू आवाजात गप्पा चालतात, पण कोणी गायला लागलं की एकदम गप्प. शॅन-नोस नावाचं जुनं गाणं असतं, साथीला काहीही नाही, फक्त एक आवाज, बहुतेक आयरिश भाषेत. त्या वेळी ग्लास ठेवल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. ओळ संपली की मात्र ऐकणारा मध्येच हळू दाद देतो, आणि हे आपल्याला शिकवावं लागत नाही, मैफिलीत बसणारा माणूस तिथे आपोआप वा म्हणतो.

ऐकायचं कसं म्हणाल तर पहिले दोन-तीन आठवडे सगळं सारखंच वाटतं, त्याने हिरमुसू नका. जिग सहाच्या चालीची असते, दादरा कानात असेल तर लगेच पकडाल. रील चारची, धावती. स्लिप जिग नऊची, ती जरा झुलते. एका धुनेचे साधारण दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि असं सगळं मिळून तीनदा वाजवतात, मग न थांबता पुढची धून. तो बदल बघा. त्याच्या आधी कोणीतरी मान वर करतं, नजर फिरवतं, कधी हप् असा आवाज येतो, आणि पुढच्या ठोक्याला सगळं टेबल नव्या सुरात गेलेलं असतं. मी तो क्षण बघायलाच जाते असं म्हटलं तरी चालेल.

खर्चाचं सांगते. साधा पाइंट साधारण 6-7 युरोला पडतो. दारू पित नसाल तर काही अडत नाही, रॉक शँडी मागा, संत्रं आणि लिंबाचं सोड्यासारखं असतं, किंवा गिनेस झिरो. फक्त ग्रुपमध्ये असाल तर राउंडची पद्धत समजून घ्या, एकाने सगळ्यांचं आणायचं मग दुसऱ्याने, त्यामुळे एक घेऊन निघायचं असेल तर सुरुवातीलाच सांगा की मी राउंडमध्ये नाही, कोणाला राग येत नाही. दोन तास जागा अडवून काहीच घ्यायचं नाही हे मात्र बरं नाही, त्या पबनेच वाजवणाऱ्यांना आणलंय. जेवून जा. किचन असलं तरी लवकर बंद होतं, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला चीज टोस्टी आणि टेटो क्रिस्प्सच येतात.

परतायचं गणित आधी करा. पब सोमवार ते गुरुवार साडेअकराला, शुक्रवार-शनिवार साडेबाराला आणि रविवारी अकराला बंद होतात, वर अर्धा तास ग्लास संपवायला देतात. लीप कार्ड या प्रवासाच्या कार्डावर 2 युरोत 90 मिनिटं बस, लुआस, डार्ट लोकल बदलता येते. शेवटची लुआस रात्री साडेबाराच्या आसपास असते पण रविवारी लवकर थांबते, काही बस रूट चोवीस तास चालतात आणि शुक्रवार-शनिवारी नाइटलिंक ही रात्रीची बस असते. रूम शोधतानाच रात्रीच्या बसचा रूट बघून ठेवा, मी तो बघूनच घर बदललं. एकट्या मुलींनो, बारच्या जवळ बसा, दोन-तीनदा गेलात की स्टाफ नावाने ओळखतो, आणि कोणी त्रास दिला तर त्यांना सरळ सांगा, मला एकदा सांगावं लागलं आणि त्या माणसाला लगेच बाहेर काढलं होतं.

आईबाबा आले तर त्यांना नक्की न्या. पब म्हटल्यावर ते दचकतात, म्हणून रविवारी दुपारचं सेशन शोधा. मुलंही मोठ्यांसोबत रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत थांबू शकतात, आणि 2004 पासून आत सिगरेट बंद आहे. माझे बाबा आमच्या सांगलीकडच्या गावात भजनाला पेटी वाजवतात. मी त्यांना नेलं त्या दिवशी इलन पाइप्स, म्हणजे भात्यावर चालणारे आयरिश बॅगपाइप, वाजवणारा एकजण आला होता. त्याने कमरेला पट्टा बांधला, उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी, मांडीवर चामड्याचा तुकडा, आणि आधी कितीतरी वेळ नुसते ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, जुळवत बसला. बाबा पुढे वाकून बघत होते. मग म्हणाले, अगं याचा भाता काखेत आहे, आणि हा तर तानपुरा लावतोय. नंतर एका म्हाताऱ्या बाईंनी गाणं म्हटलं, एक शब्द कळला नाही पण एका जागेवर बाबांच्या तोंडून वा निघून गेलं. त्या बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून मान डोलवली. निघताना पाइपवाल्याने बाबांना स्वतःहून बोलावून भाता दाबून बघायला दिला.

तुम्हाला काही वाजवता येत असेल तर पहिल्या दिवशी वाद्य नेऊ नका. तबला तर विचारल्याशिवाय नकोच, एका सेशनला तालाचं एकच वाद्य पुरे असं इथले लोक मानतात. शिकायचं असेल तर डी पट्टीतली टिन व्हिसल घ्या, 10-15 युरोत चांगली मिळते, बासरी वाजवणाऱ्याची बोटं त्यावर पटकन बसतात. मंक्सटाऊनला कोल्टस या आयरिश संगीताच्या संस्थेचं केंद्र आहे, ही संस्था 1951 पासून आहे, आणि पाइप्स ऐकायचे असतील तर हेन्रिएटा स्ट्रीटवर पाइपवाल्यांची वेगळी संस्था आहे. नवशिक्यांचं स्लो सेशनही असतं, धुना सावकाश वाजवतात, चुकलं तरी पुढे जातात. आमच्या बाकावरच्या बाईंनी मला तिथे पाठवलं. दोन जिग बसल्यात, तिसरीचा दुसरा भाग अजून अडतो, आणि गेल्या बुधवारी त्या फ्लूटवाल्या आजोबांनी त्यांच्या शेजारचा स्टूल पायाने माझ्याकडे सरकवला.