कॅन, कुड, शुड एकटे पाठ करू नका, आय-यू-वी बरोबर जोडीने शिका

इंग्रजी शिकताना आपण सगळे एकच चूक करतो, कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजेच असा तक्ता पाठ करतो आणि मग बोलायची वेळ आली की गाडी अडते. कारण हे शब्द एकटे फिरतच नाहीत. पुढे आय आहे की यू आहे त्यावर अर्थ फिरतो. तर हे जोडीने कसं शिकायचं ते सांगतो.

आधी सोपं काम उरकून घ्या. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट हे ९ शब्द, यांना कोणाच्याही बरोबर शेपूट लागत नाही. ही कॅन गो, शी कॅन गो. ही कॅन गोज नाही, ही कॅन टू गो तर नाहीच नाही. (गंमत म्हणजे यातले कॅन, मे, शॅल, मस्ट ही फार जुन्या काळी भूतकाळाची रूपं होती आणि त्या रूपांना ही-शीचा एस लागत नव्हता, म्हणून आजही लागत नाही.)

आता खरी अडचण. मराठीत क्रियापदाबरोबर सर्वनामच बदलतं, आपल्या लक्षातही येत नाही. मला पोहता येतं, मला जावं लागेल, मी जाऊ शकते, माझ्याने उचलवणार नाही. कुठे मी, कुठे मला, कुठे माझ्याने. इंग्रजीत चारही ठिकाणी आयच, आय कॅन स्विम, आय विल हॅव टू गो, आय कॅन गो, आय कान्ट लिफ्ट इट. म्हणून पहिली सवय ही लावा की मनात 'मला' आलं तरी तोंडातून आय काढायचं आणि त्याला लगेच कॅन किंवा विल चिकटवायचं, मध्ये थांबायचं नाही.

मग एक वही घ्या आणि एकच शब्द वेगवेगळ्या सर्वनामांवर फिरवून बघा, समोर मराठी अर्थ लिहा. प्रश्नांपासून सुरू करा कारण मजा तिथेच आहे. कॅन आय ओपन द विंडो म्हणजे मी परवानगी मागतोय. कॅन यू ओपन द विंडो म्हणजे तुला काम सांगतोय, तुझ्या हातात ताकद आहे का असं कोणी विचारत नाहीये. शॅल आय ओपन द विंडो म्हणजे मी स्वतःहून विचारतोय, उघडून देऊ का? आता बघा, मराठीत पहिल्याला आणि तिसऱ्याला आपण एकच म्हणतो, 'खिडकी उघडू का?' इथेच गोची होते. मदत करायची असते आणि आपण कॅन आय म्हणून परवानगी मागत बसतो. तेव्हा मनात 'उघडू का' आलं की स्वतःला विचारा, हे माझ्यासाठी आहे की समोरच्यासाठी. माझ्यासाठी असेल तर कॅन आय किंवा मे आय, समोरच्यासाठी असेल तर शॅल आय.

मे चं तर वेगळंच. मे आय चालतं, पण मे यू गिव्ह मी अ पेन असं कधीच नाही, मे यू ने वाक्य सुरू झालं की तो आशीर्वाद होतो, मे यू लिव्ह लाँग. आणि आय शॅल, वी शॅल पण यू विल, ही विल हा शाळेतला नियम १६५३ साली जॉन वॉलिस याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता, रोजच्या बोलण्यात तो कोणी पाळत नाही, सगळीकडे विल चालतं. शॅल आता मुख्यतः प्रश्नात उरलंय, शॅल आय आणि शॅल वी. शॅल वी म्हणजे आपलं 'जायचं का?', समोरचा माणूस धरूनच, म्हणजे 'आपण', 'आम्ही' नाही.

पुढची गोष्ट आदराची. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, इंग्रजीत पूर्वी दाउ होतं ते गेलं आणि सगळ्यांना यू राहिलं. मग आदर दाखवायचा कुठे? तो पुढच्या शब्दावर गेलाय. 'जरा पाठव ना' म्हणजे कॅन यू सेंड इट, 'पाठवाल का' म्हणजे कुड यू किंवा वुड यू. मी एकदा वरिष्ठांना मेलमध्ये यू मस्ट सेंड मी द फाइल असं लिहिलं होतं, माझ्या डोक्यात 'तुम्ही पाठवायला हवी' असं साधं होतं, तिकडून फाइल आली पण सोबत एक शब्द नाही, नुसती फाइल. नंतर कळलं की यू मस्ट म्हणजे हुकूम. पण तेच यू मस्ट ट्राय धिस म्हटलं तर प्रेमाचा आग्रह, कारण फायदा समोरच्याचा आहे. आय मस्ट गो नाउ पण चालतं, स्वतःला बजावायला कोणाची हरकत नसते. शंका असेल तर यू बरोबर मस्ट टाळा, सल्ला द्यायचा तर यू शुड, त्याहून मऊ हवं तर यू कुड किंवा यू माइट वॉन्ट टू.

ही, शी, इट, दॅट बरोबर बऱ्याचदा अंदाज असतो. ती घरी असेल, शी माइट बी ॲट होम. असणारच, शी मस्ट बी ॲट होम. बेल वाजली आणि तोच आला असणार असं वाटलं तर दॅट मस्ट बी हिम, इथे ही नाही, हिम. उलट अंदाजाला मात्र कान्ट, दॅट कान्ट बी हिम, तो नसणार. इट बरोबर वोन्ट पण शिकून ठेवा, इट वोन्ट ओपन म्हणजे काही केल्या उघडतच नाहीये, जसा काही त्या झाकणाचाच हट्ट आहे.

शेवटी कान तयार करा, कारण बोलताना जोडी एक शब्द होऊन जाते, आयल, यूल, वीड. यातला ड फसवा आहे, पुढे साधं क्रियापद आलं तर वुड, आयड गो. पुढे गॉन, सीन असं आलं तर हॅड, आयड गॉन. आणि बेटर आलं तरीही हॅडच, यूड बेटर गो, पण हे मोठ्या माणसांना म्हणू नका, त्यात 'नाहीतर बघ' असा सूर असतो.