पॅटापॉन: ठोका बरोबर, तरी सैन्य हलत नाही? (पीएसपी, म्हणजे सोनीचं हातात धरायचं गेम-यंत्र; पॅटापॉन हा त्यावरचा बटणांनी ढोल वाजवून फौज चालवायचा खेळ)

लक्षण असं: 'पाटा पाटा पाटा पॉन' (चौकोन तीनदा, मग गोल) अगदी तालात वाजवूनही फौज जागची हलत नाही, कॉम्बो (सलग बरोबर वाजवलेल्या आज्ञांची साखळी) तुटतो आणि फीवर (साखळी वाढली की फौजेला चढणारा जोश) लागतच नाही. इअरफोन बदलले, आवाज वाढवला, नुसत्या तालावर डोळे मिटून वाजवून पाहिलं, काही उपयोग नाही. अक्षरशः डोकं फिरायची वेळ आली.

मग लक्षात आलं, 'पॉन पॉन चाका चाका' (गोल दोनदा, मग त्रिकोण दोनदा) दरवेळी बरोबर लागतंय. त्यात चौकोन नाहीच! म्हणजे ताल ठीक, बटण नाटकी. आमच्या निपाणीत घराशेजारीच तंबाखूची वखार. ती बारीक पूड कुठे शिरत नाही ते विचारा.

क्रम असा. यूएमडी (खेळाची छोटी चकती) काढा, मशीन बंद करा, मग बॅटरी काढा. सगळे स्क्रू काढा (बॅटरीच्या खाचेतले विसरू नका, लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर जागेप्रमाणे मांडा). पुढचं झाकण हळूच उचला. उजवीकडची बटणं आणि त्याखालचं रबर उचला. माझ्या रबराखाली तपकिरी चिकट थर होता. कापूस लावलेल्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन खालचे संपर्कबिंदू पुसा. रबराचे काळे ठिपके मात्र कोरड्या मऊ कापडानेच, अलगद. खोडरबराने घासलं तर तो थरच निघतो. पूर्ण वाळू द्या, मग उलट्या क्रमाने जोडा.

झाकण बसवताना चौकोनी बटण दाबून बघा. अडकत असेल तर रबर तिरकं बसलंय.