प्रादेशिक रेल्वेसेवेची पूर्वतयारी: आधी वेळापत्रक, मग बाकीचे

गाड्यांची मागणी नोंदवण्यापूर्वी आणि रूळ टाकण्याच्या निविदा निघण्यापूर्वी संपूर्ण दिवसाचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने कागदावर मांडून झालेले असावे. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. आधी मार्ग बांधला जातो, मग मिळतील त्या गाड्या आणल्या जातात आणि वेळापत्रक त्यांत कसेबसे बसवले जाते. स्वित्झर्लंडने १९८७ मध्ये सार्वमताने मंजूर केलेल्या ‘बान २०००’ योजनेत हा क्रम मुद्दाम बदलला. प्रमुख जंक्शनांवर निरनिराळ्या दिशांच्या गाड्या ठरावीक मिनिटाच्या थोड्या आधी याव्यात आणि प्रवाशांना गाडी बदलता आल्यावर सुटाव्यात, हे आधी ठरले. त्यासाठी बर्न ते झुरिच प्रवास तासाच्या आत बसायला हवा होता, म्हणून गरजेपुरता नवा मार्ग बांधण्यात आला आणि डिसेंबर २००४ मध्ये नवे वेळापत्रक लागू झाले.

वेळापत्रक मांडताना फेरीचा हिशेब सर्वांत बारकाईने तपासावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५२ मिनिटे लागत असतील आणि प्रत्येक टोकाला गाडी परत फिरवण्यासाठी ८ मिनिटे ठेवली असतील, तर फेरी १२० मिनिटांत पूर्ण होते आणि दर तासाच्या सेवेला दोन रेक, म्हणजे डब्यांचे दोन पूर्ण संच, पुरतात. प्रवास ५५ मिनिटांचा झाला की फेरी १२६ मिनिटांची होते, तिसरा रेक घ्यावा लागतो आणि दर तीन तासांतील ५४ मिनिटे प्रत्येक रेक विनाकारण उभा राहतो. अशा वेळी टोकाचा थांबा ५ मिनिटांवर आणून हिशेब जुळवण्याचा मोह होतो, तो टाळावा. मोटरमनने दुसऱ्या बाजूच्या केबिनमध्ये जाऊन ब्रेक तपासेपर्यंत तो वेळ संपतो आणि सकाळचा उशीर दिवसभर पुढच्या फेऱ्यांवर चढत जातो. तीच तीन मिनिटे बारा थांब्यांवर प्रत्येकी १५ सेकंद वाचवूनही मिळतात, म्हणून फलाटाची उंची, डब्याच्या तळाची उंची आणि दारांची रुंदी यांचा निर्णय एकाच बैठकीत व्हावा. फलाट बांधणारा विभाग आणि डबे मागवणारा विभाग वेगवेगळे असतील, तर हे आपोआप घडत नाही.

मार्ग एकेरी असल्यास क्रॉसिंगच्या, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतील त्या, जागा वेळापत्रकावरून ठरवाव्यात. दर तासाला दोन्ही दिशांनी सारख्या अंतराने गाड्या सोडल्या, तर कोणत्याही गाडीला समोरची गाडी दर ३० मिनिटांनी भेटते. लूप लाइन, म्हणजे एका गाडीला बाजूला घेणारा जोडरूळ, हवी ती तिथे. शक्य असल्यास त्या ठिकाणी काही किलोमीटर दुहेरी मार्ग टाकावा, म्हणजे एका गाडीला दोन मिनिटे उशीर झाला तरी दुसरीला थांबून राहावे लागत नाही. पुढे अर्ध्या तासाची सेवा करायची असेल तर भेटी दर १५ मिनिटांनी होतील, हे जमीन घेतानाच लक्षात ठेवावे.

देखभालीचा ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवण्याचा वेळ, वेळापत्रकातच आखलेला असावा. शेवटची आणि पहिली गाडी यांच्यामधला सगळा वेळ कामाचा धरू नये, कारण ओव्हरहेड तारेचा वीजपुरवठा बंद करणे, अर्थिंग करणे (सुरक्षेसाठी तार जमिनीला जोडणे), यंत्रे जागेवर नेणे आणि परत आणणे यांतच त्याचा बराच भाग जातो. रेक लिंक (कोणता रेक कोणत्या फेऱ्या करणार) आणि क्रू लिंक (कोणता कर्मचारी कोणत्या फेऱ्यांवर असणार) स्वतंत्र आखाव्यात. गाडी दिवसभर धावू शकते, माणसाला विश्रांती लागते. मोटरमनची भरती व मार्गाची ओळख डबे येण्याची वाट न पाहता सुरू करावी. स्थानकावरील बसच्या वेळा आणि सामाईक तिकीट यांचे करारही याच टप्प्यात व्हावेत.

प्रवाशांविना संपूर्ण वेळापत्रक चालवून पाहावे आणि त्यात मुद्दाम बिघाड घडवावेत: एखादे दार बंद होऊ नये, एखादा सिग्नल लाल राहावा. कोणती गाडी अर्ध्यातून परत फिरवायची, हे कोण ठरवणार आणि फलाटावरील उद्घोषणा किती वेळात होणार, याची उत्तरे तेव्हाच लेखी असावीत. वक्तशीरपणाची व्याख्याही सेवा सुरू होण्याआधी निश्चित करावी. केवळ अंतिम स्थानकावर मोजणी केली, तर शेवटच्या टप्प्यात जादा मिनिटे पेरून आकडे सुधारता येतात; म्हणून मधल्या स्थानकांवरील वेळ आणि प्रवाशांच्या चुकलेल्या जोडगाड्या (बदलून पकडायच्या पुढच्या गाड्या) या दोन्हींची नोंद ठेवावी.