वागणं बदलायचंय? आधी ते रिस्पॉन्डंट आहे की ऑपरंट ते बघा

मुलाचं असो, कुत्र्याचं असो नाहीतर स्वतःचं, वागणं बदलायला घेताना पहिल्यांदा हे बघायचं की ते आधीच्या एखाद्या गोष्टीने आपोआप होतंय की नंतर काहीतरी मिळतं म्हणून टिकून आहे.

आपोआप होतं ते रिस्पॉन्डंट. रशियन शास्त्रज्ञ पावलॉवने कुत्र्यांना मेट्रोनोमचा (ठेका देणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकवून लगेच खाणं दिलं, असं बऱ्याचदा झाल्यावर नुसत्या आवाजानेच लाळ सुटायला लागली. सुई दुखली तेव्हा समोर पांढरा कोट होता म्हणून पुढे नुसता कोट दिसला तरी मूल घाबरतं, तेही हेच. इथे रागावून काही होत नाही, भीती मूल ठरवून दाखवत नसतं! कोट आधी लांबून दाखवा, सोबत आवडीचं काहीतरी द्या, मूल शांत असेल तरच थोडं जवळ आणा. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने 1924 मध्ये पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली, तो खात असताना ससा हळूहळू जवळ आणत.

दुसरं ऑपरंट, म्हणजे नंतर काहीतरी मिळतं म्हणून टिकणारं, मानसशास्त्रज्ञ स्किनरवालं. यात काही दिवस तीन गोष्टी लिहून ठेवा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. समजा मूल मोबाईलसाठी रडतं आणि शेवटी मोबाईल मिळतो, तर रडणं पक्कं होणारच. आणि दिल्यावर रडणं थांबतं म्हणून आपली द्यायची सवयही पक्की होते, हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट, म्हणजे नकोसं काहीतरी थांबतं म्हणून वागणं वाढणं. बरेच जण त्याला शिक्षा समजतात पण तसं नाहीये, शिक्षेने वागणं कमी होतं आणि रिइन्फोर्समेंटने, पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, ते वाढतं.

आता रडण्यावर मोबाईल द्यायचा नाही असं ठरवलंत तर सुरुवातीला रडणं कधीकधी आणखी वाढतं, याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच दिलंत तर मूल जास्त जोरात रडायला शिकतं. कधी दिलं कधी नाही हे तर अजूनच वाईट, कारण अधूनमधून फळ मिळणारं वागणं सगळ्यात चिवट असतं. त्यामुळे नुसतं बंद करू नका, शांतपणे मागितलं की लगेच, अगदी त्याच क्षणी द्या, निदान सुरुवातीला तरी. मूल स्वतःला मारून घेत असेल तर मात्र हे एकट्याने करू नका, जाणकार माणूस सोबत हवाच. आणि सगळं शांत झाल्यावरही मधेच एखाद दिवशी ते जुनं रडणं परत येऊ शकतं, तेव्हाही मोबाईल द्यायचा नाही.