गल-विंग दाराचा टॉर्शन बार बदलताना

डेलोरियन मोटारीचं पंखासारखं वर उघडणारं (गल-विंग) दार वर थांबेना झालं, की आधी गॅस स्ट्रट, म्हणजे दार वर धरून ठेवणारी गॅसभरली नळी, बदलून बघा. बऱ्याचदा दोष तिथंच असतो. उद्यमबागेतल्या गॅरेजात मी घाईनं थेट टॉर्शन बारलाच, म्हणजे पिळाच्या जोरावर दार उचलणाऱ्या पोलादी सळईलाच, हात घातला. पाना निसटला, अंगठ्याचं नख गेलं.

बारच काढायचा, तर दार पूर्ण उघडा. तेव्हा पीळ सर्वांत कमी असतो, पण संपलेला नसतो! दाराला लाकडी टेकू द्या, शिवाय एक माणूस धरायला हवाच. बारच्या दात्यांवर घट्ट बसणाऱ्या लांब दांड्याच्या खास पान्यानं ताण हातात घ्या, मगच मागचे बोल्ट सोडा आणि पीळ हळूहळू उतरवा. पान्याच्या वाटेत तोंड आणू नका.

नव्या बारला पक्कड लावू नका. द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून पिळलेलं पोलाद ते. साध्या ओरखड्यापासूनही तडा जातो. डावा-उजवा वेगळा, खूण करून ठेवा.