फेब्रुवारी संपला म्हणून जॅकेट लॉफ्टवर टाकू नका

इंग्लंडातल्या रेडिंगला (रीडिंग नाही, रेडिंग, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हसेल) मी २०१७ च्या सप्टेंबरात आले. डिसेंबरात एकदा बर्फ पडला, फोटो गावी पाठवून झाले, फेब्रुवारीत डॅफोडिलचे कोंब दिसले आणि मला वाटलं झालं, सुटलो, जाडं जॅकेट बॅगेत भरून लॉफ्टवर. आणि १ मार्चला, म्हणजे इथल्या हवामानवाल्यांच्या हिशोबाने वसंताच्या पहिल्या दिवशी, पारा शून्याच्या वर यायलाच तयार नाही. तेच ते बीस्ट फ्रॉम द ईस्ट, २०१८ ची ती गाजलेली थंडीची लाट, सैबेरियाकडचं वारं, आणि त्यात दक्षिणेकडून एमा वादळ.

सकाळी सहाला घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमधून गुळगुळ आवाज, स्क्रीनवर एरर कोड, घर गार. घाबरून इमर्जन्सीवाला बोलावला. त्याने माझ्याच किटलीतलं गरम पाणी एका तांब्यात घेतलं, नळाचं थोडं घालून कोमट केलं, मागच्या भिंतीवरून गटारीकडे जाणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपवर ओतलं, बॉयलर रीसेट केला आणि १८० पौंड घेऊन गेला. दहा मिनिटांचं काम! तो कंडेन्सेट पाइप, म्हणजे बॉयलरमध्ये साचणारं पाणी बाहेर नेणारा, त्यातलं पाणी गोठतं आणि बॉयलर बंद पडतो. आजच बाहेर जाऊन तुमचा कुठेय बघून या, खरंच, वाचणं थांबवा आणि बघून या. पाणी उकळतं ओतायचं नाही, पाइप तडकतो. घर भाड्याचं असेल तर पाइपला फोम लावायला घरमालकाच्या मागे लागा. दर वर्षी सांगते, दर वर्षी कोणीतरी पैसे घालवतंच.

गाडीच्या काचेवरही उकळतं पाणी नको. बूट चांगले घ्या.

आता अंदाज. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा दिवस आधी बर्फाच्या चिन्हाचे स्क्रीनशॉट टाकणारे एक-दोन दादा असतात, त्यांच्या नादाने दुधाचे चार कॅन आणू नका. जीएफएस हे अमेरिकेचं हवामान अंदाजाचं मॉडेल दिवसातून चारदा येतं आणि रात्री साडेनऊनंतर येणाऱ्या फेरीला इथले शौकीन पब रन म्हणतात, कारण ती प्यायल्यासारखं काहीही दाखवते. हवामानाचा अंदाज देणाऱ्या युरोपियन सेंटरचं मुख्यालय तर आपल्याच गावात, पण त्यांचंही पाच दिवसांपलीकडचं मी मनावर घेत नाही. ध्रुवावर खूप उंचावरची हवा अचानक तापली अशी बातमी आली तर मात्र पुढचे दोन-तीन आठवडे थंडीसाठी कान उघडे ठेवा, २०१८ ला ते १२ फेब्रुवारीच्या सुमारास झालं होतं आणि फटका महिनाअखेरीला बसला. दर वेळी बसतोच असं नाही. पूर्वेचं वारं सुटलं तरी पहिला मान पूर्व किनाऱ्यावरच्या केंट-एसेक्सचा, आपल्याकडे येईपर्यंत बऱ्याचदा नुसता गारठा उरतो.

आदल्या दिवशी तापमानापेक्षा ड्यू पॉइंट बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा. तो शून्याखाली असेल तर हवा दोन अंश असली तरी बर्फाची आशा आहे, वर असेल तर झोपा.

इंग्रज लोक बर्फाच्या नावाने दिवसभर कुरकुरतात, ट्रेन रद्द, शाळा बंद, पण रात्री प्रत्येक घराचा पडदा थोडा सरकलेला असतो, सगळे समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत असतात. तुम्हीही तेच करा. उजेडात थेंब सरळ रेघेत खाली येताना दिसले तर पाऊस, वाटेत रेंगाळायला लागले की बर्फ, मुलांना तेव्हाच उठवा, मार्चचं ऊन आहे, दुपारपर्यंत सगळा चिखल झालेला असतो.