चोवीस तासांची लघवी देण्यापूर्वीची तयारी

मूतखडा पुन्हा पुन्हा होणाऱ्याला किंवा वयाच्या मानाने हाडे ठिसूळ निघालेल्याला डॉक्टर चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियम तपासायला सांगतात. आपल्याकडे ही तपासणी बिघडते ती बहुधा लॅबमध्ये नव्हे, घरातच. मागच्या खेपेला माझीही तशीच बिघडली, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आठवडाभर आधी डॉक्टरांना घेत असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी. दर आठवड्याला घेतली जाणारी ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आणि कॅल्शियमच्या गोळ्या आपण औषधांत धरतच नाही, त्या यादीत हव्यात. रक्तदाबाच्या गोळ्यांतील थायझाइड लघवीतले कॅल्शियम कमी करते, तर सूज उतरवणारे फ्युरोसेमाइड ते वाढवते. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कळ चालू असताना किंवा ताप असताना नमुना देण्यात अर्थ नाही.

कॅन लॅबमधूनच आणावा. तळाशी आम्ल असल्यास ते ओतून देऊ नये, कॅन विसळू नये आणि त्यात थेट लघवी करू नये, अंगावर उडून भाजते. त्यासाठी वेगळे स्वच्छ भांडे घ्यावे. नमुना कोणत्या वारी घेतात हे आधी विचारावे. रविवारी लॅब बंद असेल तर शनिवारी सुरुवात करणे व्यर्थ आहे, आणि पावसाळ्यात एस. टी. वेळेवर येईल असे गृहीत धरू नये.

जेवण रोजचेच ठेवावे. खडा आहे म्हणून दूध आणि नाचणी सोडणारे पुष्कळ आहेत, पण अन्नातले कॅल्शियम घटले की आतड्यातून ऑक्झलेट (कॅल्शियमशी मिळून खडा करणारे द्रव्य) अधिक शोषले जाते, खड्याचा धोका वाढतो आणि हाडांचेही नुकसान होते. खरी नजर मिठावर हवी. सोडियम बाहेर टाकताना मूत्रपिंड कॅल्शियमही सोडते. सहा ग्रॅम मीठ जास्त गेले तर लघवीत साधारण 40 मिलिग्रॅम कॅल्शियम वाढते. मासेमारी बंद असते त्या दिवसांत आपल्या घरात सुकट, खारा बांगडा, लोणचे, पापड यांवरच भागते, तेव्हा ते त्या एका दिवसापुरते टाळून साधू होऊ नये. त्याऐवजी त्याच नमुन्यात सोडियमही मोजायला सांगावे. शेजाऱ्याने सांगितलेले कुळथाचे कढण याच आठवड्यात नव्याने सुरू करू नये.

आता मुख्य गोष्ट. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी, वेळ लिहावी आणि तेथून पुढची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून, कॅनमध्ये जावी. प्रत्येक म्हणजे न्हाणीघरातलीसुद्धा. आंघोळीचे पहिले तांबे अंगावर घेताना जी नकळत होते ती, शौचाच्या वेळी होते ती आणि वाडीत शिंपणे करताना माडाच्या आडोशाला होते तीही. यासाठी आंघोळीला किंवा शौचाला जाण्याआधी भांडे वापरावे, आणि भांडे न्हाणीघराच्या दारातच अडखळायला होईल असे ठेवावे. मी न्हाणीघर विसरलो होतो. एक लघवी गेली तरी आकडा खोटा कमी येतो. पुरुषांत 300, स्त्रियांत 250 मिलिग्रॅम ही नेहमीची मर्यादा धरली तर सीमेवरचा माणूस निर्धोक ठरतो, आणि कॅल्शियमची गळती मात्र चालूच राहून खडे होत राहतात व हाडे झिजत राहतात. न्हाणीघर, पुन्हा सांगतो. एखादी सुटलीच तर चोरून दुसऱ्या दिवशीची जास्त घालून भरपाई करू नये. नवा कॅन आणून नव्याने सुरुवात करावी. हा दिवस लग्नाचा, बाजाराचा किंवा प्रवासाचा नको.

पाणी नेहमीइतके प्यावे. कॅन थंड जागी ठेवावा. वीज गेली तर बर्फाच्या थर्माकोल पेटीत, आणि वर नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर.

देताना सुरू केल्याची व संपवल्याची वेळ आणि आपले वजन लिहून द्यावे. त्याच सुमारास रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण सारखेच बाहेर पडणारे टाकाऊ द्रव्य) आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक तपासायचे असते, कारण ही ग्रंथी बिघडली तर कॅल्शियम हाडांतून निघून लघवीत उतरते. अहवालात लघवीतले क्रिएटिनिन हवेच: पुरुषांत किलोमागे साधारण 20 ते 25, स्त्रियांत 15 ते 20 मिलिग्रॅम, उतारवयात त्याहून कमी. ते फारच कमी दिसले तर लघवी पुरी जमलेली नाही असे समजून कॅल्शियमचा आकडा वाचूच नये, न्हाणीघर आठवावे.